कॅलास-गोब्बीचा १९५७चा ‘बार्बिएरे’: सात-आठ महिने ऐकल्यावर

इटालियन संगीतकार रोस्सीनीच्या ‘इल बार्बिएरे दि सिविल्या’ (सेव्हिलचा न्हावी) या विनोदी ऑपेराची ध्वनिमुद्रणं पुष्कळ आहेत. त्यातलं वाद्यवृंद-संचालक आल्चेओ गाल्लिएरानं फेब्रुवारी १९५७मध्ये लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये केलेलं, मारिया कॅलास (रोझिना) आणि तीतो गोब्बी (फिगारो) या गायकांचं, गेले सात-आठ महिने माझ्याकडे वाजतंय. एव्हाना सुट्या आरिया, म्हणजे एकट्या पात्राची गाणी, फारशा लावत नाही. लावतो ते मधले रेचितातिवो, म्हणजे कीबोर्डच्या जुजबी साथीवर अर्धे बोलत, अर्धे गात म्हटलेले संवाद. बहुतेक संचांत गायक ते उरकून टाकतात. इथे खरं नाटक तिथेच चालतं.

गोष्ट अशी: म्हातारा बार्तोलो आपल्या ताब्यातल्या रोझिनाशी लग्न करू पाहतो, आणि तिच्यावर जीव जडलेला काउंट फिगारो न्हाव्याच्या मदतीनं त्याला फसवतो. पहिल्या अंकात फिगारो रोझिनाला सांगतो की माझा एक चुलतभाऊ (खरं तर वेष पालटलेला काउंट) आहे, पोरगा गुणी, पण एक मोठा दोष: प्रेमात पडलाय. कोणाच्या? तर फिगारो आधी त्या मुलीचे केस, गाल यांचं वर्णन करतो आणि मग नाव एकेक अक्षर सुटं करून सांगतो. गोब्बी ही गंमत चवीनं करतो. लगेच ‘दुंक्वे इओ सोन’ हे युगुलगीत. रोझिना आश्चर्य दाखवते आणि त्याच दमात स्वतःशी म्हणते, हे तर मला आधीच ठाऊक होतं. फिगारो म्हणतो, दोन ओळी लिहून द्या. नको नको, लाज वाटते, असं करत ती तयार चिठ्ठीच काढून हातात ठेवते. कॅलासचं ते ‘एक्कोलो क्वा’ (ही घे) ऐका आणि त्यावर गोब्बीचा उडालेला फज्जा ऐका. ध्वनिमुद्रणात चेहरे दिसत नाहीत, तरी दिसतात.

कॅलासच्या ‘ऊना वोचे पोको फा’ या रोझिनाच्या आरियाची ख्याती आहे ती ‘मा’ (पण) या एका शब्दासाठी. मी शांत, आज्ञाधारक, प्रेमळ वगैरे सांगून झाल्यावर ‘पण’ येतो, आणि मर्मावर कोणी बोट ठेवलं तर मी नागीण होईन, हे त्या ‘पण’मध्येच आधी कळतं. मात्र वरच्या पट्टीत तिचा आवाज थोडा हलतो, धार येते. रंगमंचावर ही भूमिका तिनं फक्त १९५६मध्ये मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहातल्या प्रयोगांत केली आणि तिथे तिचं फारसं कौतुक झालं नव्हतं. माइकसमोर ती पुष्कळ आवरून, बारकाईनं गाते.

गोब्बीच्या ताना दाणेदार नाहीत, हे मान्य करायलाच हवं. फिगारोची आरिया ‘लार्गो अल फाक्तोतुम’ त्याच्यापेक्षा गोळीबंद गाणारे आहेत. पेरूचा लुईजी आल्वा मात्र काउंट म्हणून सुरेख. हलका, गोड, कुठे ताण नाही. काउंटची शेवटची अवघड आरिया ‘चेस्सा दि पियू रेसिस्तेरे’ त्या काळच्या रिवाजाप्रमाणे गाळलीय. रोस्सीनीनं स्वतःच तिचं संगीत १८१७च्या ‘ला चेनेरेन्तोला’ या ऑपेराच्या शेवटाला वापरलं, त्यामुळे ते अगदीच हरवलेलं नाही.

नाराजी आहे ती फ्रित्झ ओल्लेनडॉर्फच्या बार्तोलोवर. इटालियन शब्द जिभेवर घोळत नाहीत, भरधाव ओळींत विनोद सांडतो. हा म्हातारा हुशार हवा, नाहीतर त्याला फसवण्यात मजा कसली? संचालक क्लाउदिओ आबादोच्या १९७१च्या संचात एन्झो दारा हे काम कितीतरी सफाईनं करतो. तिथेही काउंट आल्वाच आहे, रोझिना तेरेसा बेर्गान्झा. स्वरलेखनाची प्रत आल्बेर्तो झेद्दानं शुद्ध केलेली. वाद्यवृंदाची नजाकत, लयीचा काटेकोरपणा यात तो संच सरस. गाल्लिएराकडे फिलहार्मोनियासारखा वाद्यवृंद असूनही तो स्वतः मागे राहून गायकांना सांभाळतो. संगीतशिक्षक बाझिलिओच्या ‘ला कालून्निया’ या आरियात बदनामीची झुळूक वाढत वाढत तोफ होते, तिथे मला जास्त दारूगोळा चालला असता, जरी निकोला झाक्कारियाचा बाझिलिओ भरदार आहे.

ध्वनी सुरुवातीच्या स्टिरिओचा असूनही स्वच्छ. कोण डावीकडे, कोण उजवीकडे ते कळतं. ॲपवर ऐकणार असाल तर ट्रॅकमधली शांतता बंद करून घ्या, नाहीतर संवादातून गाण्यात शिरताना मध्येच खड्डा पडतो. आणि पहिल्या दोन वेळा तरी ऑपेराचे शब्द छापलेली संहिता समोर ठेवा.