जामोवी: नर्सिंगच्या डिझर्टेशनसाठी वर्षभर वापरल्यावर

ज्यांना मास्टर चार्ट (सगळ्या नोंदींचा मोठा तक्ता) कुणाच्या तरी हातात देऊन आठवड्याभरात तयार तक्ते हवे आहेत, त्यांनी जामोवी या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नये. व्हायव्हात "ही टेस्ट का लावली?" असं विचारल्यावर ज्यांना गाईडच्या तोंडाकडे बघायचं नाही, त्यांनी मात्र आजच उतरवून घ्यावं. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि एकदा बसवलं की नेट नसलं तरी अडत नाही. आत सगळं गणित 'आर' ही स्टॅटिस्टिक्सची प्रोग्रॅमिंग भाषा करते, पण कोडची एक ओळही लिहावी लागत नाही. एसपीएसएस या विकतच्या सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली प्रत पेन ड्राइव्हवरून फिरवण्याची जी परंपरा वसतिगृहांत आहे, तिची आता काही गरज उरलेली नाही.

मी एम.एस्सी. नर्सिंगची, कम्युनिटी हेल्थ शाखेची. विषय किशोरवयीन मुलींमधला ॲनिमिया. म्हणजे हिमोग्लोबिनचे आकडे, नॉलेज स्कोअर आणि वय, आहार, पाळीचा इतिहास असा नेहमीचा मसाला.

पडद्यावर डावीकडे डेटा, उजवीकडे निकाल. डावीकडचा एक आकडा बदलला की उजवीकडचा तक्ता तिथल्या तिथे बदलतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण माझं निम्मं स्टॅटिस्टिक्स यातूनच झालं. एका मुलीचं हिमोग्लोबिन 11.2 ऐवजी 112 करून बघा: मीन (सरासरी) उडी मारतो, स्टँडर्ड डेव्हिएशन (आकड्यांचं विखुरलेपण) फुगतं, मीडियन (मधला आकडा) जवळजवळ हलत नाही. वर्गात कुणी कितीही वेळा सांगितलं तरी ते असं डोळ्यांसमोर येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक कॉलमच्या डोक्यावरचं चिन्ह. पट्टीचं चित्र म्हणजे कंटिन्युअस (मोजलेला आकडा), चढत्या खांबांचं म्हणजे ऑर्डिनल (क्रम असलेले गट), तीन गोळे म्हणजे नॉमिनल (नुसते गट). एक्सेलमध्ये कुणी एकाच खान्यात '10.8 gm' असं लिहून ठेवलं असेल, तर अख्खा हिमोग्लोबिनचा कॉलम गोळे घेऊन उघडतो आणि टी-टेस्टच्या (दोन सरासरींची तुलना) चौकटीत जायलाच नकार देतो. आमच्या बॅचमध्ये यावरून सॉफ्टवेअरला भरपूर शिव्या बसल्या. माझ्या मते ही त्याची सगळ्यात मोठी सेवा आहे. कोणती टेस्ट लावायची हा प्रश्न खरं तर त्या चिन्हापाशीच निम्मा सुटतो. हिमोग्लोबिन आकडा म्हणून ठेवलंत तर टी-टेस्ट, '12 च्या खाली ॲनिमिक' असे दोन गट पाडलेत तर काय-स्क्वेअर, म्हणजे गटांतल्या संख्यांची तुलना. आणि गट पाडताना काय गमावतो तेही दिसतं: 8.1 आणि 11.9 वाल्या मुली एकाच खान्यात बसतात, 11.9 आणि 12.0 वाल्या वेगवेगळ्या.

टी-टेस्टच्या खाली तिचे पर्याय (वेल्च, मॅन-व्हिटनी), डेटा नॉर्मल आहे का ते बघायला शापिरो-विल्क आणि क्यू-क्यू प्लॉट, फरक किती मोठा ते सांगणारा इफेक्ट साइज सगळं टिक करण्याच्या अंतरावर आहे. काय-स्क्वेअरमध्ये एक्सपेक्टेड काउंट्स (संबंध नसता तर खान्यांत आले असते ते आकडे) मात्र आपणहून टिक करून बघावे लागतात. खान्यात 5 पेक्षा कमी येत असतील तर फिशरची एक्झॅक्ट टेस्ट तिथेच आहे. पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता) फार लहान असेल तर '< .001' असं छापून येतं. एसपीएसएसच्या तक्त्यातलं '.000' तसंच उतरवून 'p = 0.000' लिहिलेले प्रबंध लायब्ररीत ढिगाने सापडतील. पी कधी शून्य नसतो, ही साधी गोष्ट त्यात हरवते.

ऑड्स रेशोपाशी (दोन गटांतल्या शक्यतांचं गुणोत्तर) जपून. 2×2 तक्त्यात 'हो' आधी की 'नाही' आधी, यावर उत्तर 2.5 येणार की 0.4 हे ठरतं. दोन्ही एकच गोष्ट सांगतात, पण उलट बाजूने, आणि 0.4 बघून जंतनाशक गोळी न घेणं संरक्षक आहे असा शोध लावणारे महाभाग निघतात. व्हेरिएबलवर डबल क्लिक करून लेव्हल्सचा क्रम वर-खाली करता येतो. निकाल वाचण्याआधी तो बघायचाच.

आता जे मिळत नाही ते. डेटा भरताना चूक अडवायची सोय नाही; वय 15 ऐवजी 51 टाकलं तरी गुमान घेतं. म्हणून भरणी एपिकलेक्ट किंवा कोबो अशा डेटा गोळा करायच्या ॲपमध्ये करून मग इकडे आणणं बरं. प्रिव्हॅलन्स अभ्यासाच्या (आजार किती टक्के लोकांना आहे हे मोजणाऱ्या) सँपल साइजसाठी मी ओपनएपी हे कॅल्क्युलेटर आणि वहीतलं 4pq/L² यांवरच राहिले; यात p म्हणजे आजाराची टक्केवारी, q म्हणजे 100 वजा p, L म्हणजे चालवून घ्यायची चूक. एनएफएचएस-5 या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रिया ॲनिमिक होत्या. P 54 आणि L 5 धरलं की 397 येतात. L म्हणजे सरळ 5 टक्के की p च्या 10 टक्के, हे सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) स्पष्ट लिहा. p 20 असेल तर पहिल्या हिशोबाने 256 लागतात, दुसऱ्याने 1600. एथिक्स कमिटीत नेमकं इथेच बोट ठेवतात.

आणि काही गोष्टी कुठलंच सॉफ्टवेअर सुधारू शकत नाही. आपल्याकडचा लाडका आराखडा घ्या: एकच गट, प्री-टेस्ट, स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅम, आठवड्याने तीच प्रश्नपत्रिका, मग त्याच मुलींच्या आधीच्या-नंतरच्या गुणांची पेअर्ड टी-टेस्ट. जामोवी दोन सेकंदांत '< .001' देतं. द्यायलाच हवं! उत्तरं सांगून तेच प्रश्न विचारल्यावर गुण वाढणार नाहीत तर काय? तुलनेचा गट नसेल तर वाढ शिकवण्यामुळे की प्रश्न ओळखीचे झाल्यामुळे, हे कळायला मार्ग नाही. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला तेव्हा 39 गावांत उपचार आणि 47 गावं तुलनेला अशी मांडणी होती. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या निष्कर्षाचं वजन त्या 47 गावांमुळे आहे.

त्यापुढचं प्रकरण म्हणजे 'नॉलेज स्कोअरचा डेमोग्राफिक व्हेरिएबल्सशी संबंध'. वय, धर्म, कुटुंबाचा प्रकार, आईचं शिक्षण, माहितीचा स्रोत... जामोवीत हे सगळे एकामागून एक ओढत राहणं इतकं सोपं आहे की हात थांबत नाही. एकमेकांशी संबंध नसलेल्या 20 टेस्ट केल्या आणि खरं तर कशातच काही नसलं, तरी किमान एक 'सिग्निफिकंट' (पी 0.05 च्या खाली) निघण्याची शक्यता 64 टक्के असते. मग त्या एकावर डिस्कशनची दोन पानं.

फाइल .omv म्हणून सेव्ह होते, त्यात डेटा, निकाल आणि कुठे काय टिक केलं होतं ते सगळं राहतं. गाईडला पाठवली की मॅडम थेट टेस्ट उघडून बघतात. फक्त पाठवण्याआधी नाव आणि आयपीडी नंबरचे (दाखल रुग्णाच्या नोंदणी क्रमांकाचे) कॉलम काढून टाका, कारण तेही सोबत जातात.