डॉल्फिन पोटॅटो, सहा नग, २२० रुपये

बेळगावात काँग्रेस रोडवर, पहिल्या रेल्वे गेटच्या अलीकडे नवीन कॅफे झालंय. नाव लिहीत नाही. चालवणारी पोरं नवखी आहेत आणि पुढं तक्रारही आहे. टिळकवाडीकरांना कळेलच कुठलं ते.

मला भाचीनं ओढून नेलं. "मावशी, फ्रेंच मेनू आहे म्हणे, तूच वाचून दाखव." पुण्यात सत्तावीस वर्षं अकरावी-बारावीला फ्रेंच शिकवल्याची ही शिक्षा. मेनू उघडला तर 'रॉयल पोटॅटो' असा मथळा, खाली 'डॉल्फिन पोटॅटो' आणि शेजारी उडी मारणारा निळाशार डॉल्फिन. पलीकडच्या टेबलावरचे आजोबा वेटरला विचारत होते, मासा घालता काय ह्यात? "नाही ओ अण्णा, प्युअर व्हेज हाय. बटाटाच की."

मूळ शब्द 'दोफिन'. फ्रान्सच्या युवराजाच्या बायकोचा किताब. सवयीनं पर्समधलं लाल पेन हाताला लागलं होतं, पण ते परत ठेवलं. कारण चित्र बरोबर आहे! युवराजाला म्हणायचे 'दोफँ', आणि दोफँ म्हणजे डॉल्फिनच. आल्प्सकडच्या एका सरदार घराण्याच्या निशाणावर डॉल्फिन असे. सरदार तो दोफँ, त्याचा मुलूख दोफिने. १३४९ मध्ये त्यातल्या शेवटच्यानं मुलूख फ्रान्सच्या राजघराण्याला विकला, आणि पुढं राजाचा वारस दोफँ म्हणवू लागला. त्याची बायको दोफिन. देसायाची देसाईण, पाटलाची पाटलीण, तसंच.

"म्हणजे डॉल्फिनीण," भाची म्हणाली. इतकं नेमकं भाषांतर माझ्या वर्गात कुणी केलं नव्हतं.

मारी आंत्वानेत १७७० मध्ये चौदाव्या वर्षी लग्न होऊन व्हर्सायला आली ती दोफिन म्हणून. राणी व्हायला चार वर्षं लागली. शेवटची दोफिन तिचीच मुलगी, मारी तेरेज. १८३० मध्ये राज्य गेलं तसा किताबही गेला. शब्द मात्र हिंडत राहिला. मिस फ्रान्स स्पर्धेत मुकुट हुकलेल्या मुलीला आजही 'पहिली दोफिन' म्हणतात. १९५६ मध्ये रेनोनं ह्याच नावाची छोटी मोटार काढली, ती वीस लाखांवर खपली. पॅरिसात ह्या नावाचं विद्यापीठ आहे, मेट्रोचं स्टेशन आहे. आणि बटाटा आहे.

आता बटाट्याकडे येते. दोफिन बटाट्याचं सगळं मर्म पिठात. पाणी आणि लोणी उकळून त्यात मैदा घाटायचा, अगदी मोदकाची उकड काढतो तसा. मग त्यात एकेक अंडं फेटत जायचं. हे एक भाग, कुस्करलेला बटाटा साधारण दोन भाग, त्याचे गोळे तेलात सोडायचे. आतली वाफ गोळा फुगवते. वरून खुसखुशीत, आत जवळजवळ हवाच. अंडं नाही तर फुगणं नाही.

आमच्या ताटलीतला गोळा मी मधोमध कापला. गच्च. चव वाईट नव्हती. बटाटा जवारी वाटला, तळण ताजं, मीठ बेतात. पण हा बोंडा झाला, तोही बेसनाशिवायचा. सहा नगांना २२० रुपये घेताना निदान हिरवी चटणी तरी द्यावी. सोबत होता टोमॅटो सॉस, तोही पुडीतला.

वेटरला विचारलं, अंडं घालत नाही ना? तो आत जाऊन स्वयंपाक्यालाच घेऊन आला. पोरगा बिचारा घाबरलेला. "अक्का, अंडं घाटलं तर निम्मी गिऱ्हाइकं उठून जातात. कॉर्नफ्लोअर आणि सोडा घालतो." खरं आहे त्याचं. बेळगावात 'प्युअर व्हेज' पाटी लावली की अंड्याला दार बंद. मग हा पदार्थ ठेवायचाच कशाला?

त्याच पानावर खाली 'दोफिनवा' आहे, १८० रुपये. नावाचा घोळ इथंही आहे: हा युवराणीचा नव्हे, दोफिने मुलखाचा पदार्थ. बटाट्याच्या पातळ चकत्या, साय, दूध, लसूण, मंद भट्टी. अंड्याची गरजच नाही, म्हणजे ह्या कॅफेला अगदी सोयीचा. आणि तो त्यांना जमलाय! चकत्या अखंड, पण चमच्यानं तुटणाऱ्या. कडेला खरपूस साय. वर चीज किसलं नसतं तर आणखी दोन घास जास्त गेले असते. हा जरूर मागवा, चीज नको म्हणून आधीच सांगा. कॉफी बरी. पंख्याखालचं टेबल मिळालं तरच बसा, आणि रविवारी संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळेल ही आशा सोडा.

बिल आणताना वेटर हळूच म्हणाला, "अक्का, चित्र काढून टाकायचं काय मग?"

"चित्र राहू दे," मी म्हटलं, "फक्त त्याला पदर काढ. युवराणी आहे ती."

त्यानं ते ऑर्डरच्या वहीत लिहून घेतलं.