तीन डॉक्टर, एक गल्ला: वाटणी कशी, पगार कसा?

जिल्ह्याच्या गावांत हल्ली एक बेत सारखा कानावर येतो: आपापले दवाखाने बंद करायचे आणि तिघा-चौघांनी मिळून एक रुग्णालय काढायचं. जागा, एक्स-रे, जनरेटर, रात्रीचा आरएमओ (निवासी डॉक्टर) हे सगळं एकट्याला झेपेनासं झालंय, त्यामुळे बेतात खोट काही नाही. पण बैठका रंगतात त्या ऑपरेशन थिएटरच्या (ओटीच्या) टाइल्सवर आणि पाटीवर आधी नाव कुणाचं यावर. पैशाचा विषय निघाला की ‘ते बघू हो, आपण काय परके आहोत?’ म्हणून चहा मागवला जातो.

मी रुग्णालयांचे हिशेब बघतो, म्हणून तो पुढे ढकललेला विषय शेवटी माझ्याच टेबलावर येतो. डॉक्टर मला दोन वेगळे प्रश्न विचारतात. आम्ही नफा कसा वाटावा? आणि स्टाफ मनापासून काम करत नाही, टिकत नाही, त्याला काय करावं? माझ्या मते हा एकच प्रश्न आहे. डॉक्टर आपसात पैसे ज्या सूत्राने वाटतात, तेच सूत्र महिन्याभरात रिसेप्शनवर, वॉर्डात आणि विम्याच्या क्लेमच्या टेबलावर दिसायला लागतं. म्हणून इथे दोन्ही शेजारी ठेवतोय.

आधी आकडे

उदाहरण मनाचं आहे, पण प्रमाण ओळखीचं वाटेल. एक अस्थिरोगतज्ज्ञ (ऑर्थो), एक स्त्रीरोगतज्ज्ञ, एक फिजिशियन. महिन्याची जमा 15 लाख, सामाईक खर्च 7.5 लाख, वाटायला उरले 7.5 लाख. खालचे आकडे लाखांत.

| सूत्र | अस्थिरोग | स्त्रीरोग | फिजिशियन |
|---|---|---|---|
| प्रत्येकाची जमा | 7 | 5 | 3 |
| सगळ्यांना समान वाटा | 2.5 | 2.5 | 2.5 |
| आपली जमा आपली, खर्च तिघांत सारखा | 4.5 | 2.5 | 0.5 |
| आपली जमा आपली, खर्च जमेच्या प्रमाणात | 3.5 | 2.5 | 1.5 |
| प्रत्येकी 1.5 ठरलेले, बाकी जमेच्या प्रमाणात | 2.9 | 2.5 | 2.1 |

दुसरी आणि तिसरी वाटणी पुन्हा बघा. दोन्हींत ‘ज्याचं काम त्याचा पैसा’ हेच तत्त्व आहे. तरी फिजिशियनच्या हातात एकात पन्नास हजार पडतात, दुसऱ्यात दीड लाख. फरक सगळा खर्चाच्या वाटणीचा. जमेवर तासन्‌तास घासाघीस करणारे डॉक्टर ‘खर्च काय, तीन भागांत’ असं एका वाक्यात उरकतात, आणि खरी मेख तिथेच मारलेली असते. सी-आर्म, म्हणजे ओटीतलं एक्स-रे मशिन, कुणासाठी घेतलं? ओटीची सिस्टर कुणाच्या केसला चार तास उभी असते? फिजिशियनची ओपीडी एका टेबलावर आणि ईसीजी मशिनवर चालते. त्याच्या माथी ओटीचं वीजबिल सारख्या हिश्शाने मारलं तर तो वर्षभरही टिकणार नाही.

आणि स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमना चारही प्रकारांत 2.5 लाखच मिळतात, कारण त्यांची जमा बरोबर सरासरीइतकी आहे. सूत्र ठरवायच्या बैठकीची सूत्रं अशा मधल्या भागीदाराकडे द्यावीत. त्यांना कुठलीच बाजू लागत नाही.

समान वाटा

हिशेब सोपा, मन शांत. एकाच विषयाचे, साधारण एकाच वयाचे दोन-तीन डॉक्टर असतील, म्हणजे दोन बालरोगतज्ज्ञ आळीपाळीने रात्री काढत असतील, तर दुसरं काही शोधूच नका. रात्रीच्या ड्युट्या सारख्या वाटा, पैसे सारखे वाटा, मोकळे व्हा.

विषय वेगळे असले की मात्र कुरकूर सुरू होते. ऑर्थोवाले सर सकाळी आठपासून ओटीत असतात आणि महिनाअखेरीला अडीचच लाख घरी नेतात. पहिली दोन वर्षं ते बोलणार नाहीत. मग हळूच बाहेरच्या एखाद्या रुग्णालयात ‘व्हिजिट’ला जायला लागतील, आणि तिथल्या केसेस तुमच्या रोजमेळात दिसणार नाहीत.

स्टाफच्या बाजूने बघितलं तर समान वाट्यात वातावरण सगळ्यात निकोप असतं. कुणाचा पेशंट आधी आत सोडायचा याच्याशी पैशाचा संबंध नसतो, त्यामुळे रिसेप्शनवरची मुलगी टोकन नंबरप्रमाणे नावं पुकारते.

ज्याचं काम त्याचा पैसा

मेहनतीला न्याय मिळतो, आळशी भागीदार उघडा पडतो, हिशेब पारदर्शक राहतो. तरुण, तडफदार सर्जनला हेच हवं असतं. पण या सूत्रात बिलावर न येणारं काम दिसेनासं होतं. ऑपरेशनआधी फिटनेस बघणं, ऑर्थोच्या मधुमेही पेशंटची साखर आठवडाभर ताब्यात ठेवणं, रात्री अकराला सिस्टरचा फोन घेऊन डोस बदलून देणं, हे सगळं फिजिशियन करतो आणि जमा ऑर्थोच्या रकान्यात पडते. मग तो एक दिवस प्रत्येक फेरीची वेगळी फी लावतो. ती भरतो पेशंट.

यावर कुणीतरी सुचवतं की ज्याने पेशंट पाठवला त्याच्या खात्यात थोडी टक्केवारी टाकू. तिथेच थांबा. पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन, बोनस किंवा भेट देणं-घेणं भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारनियमांनी मना केलंय, आणि तपासणीसाठी नमुने पाठवण्यालाही तोच नियम लागू आहे. एकाच छताखाली केलं म्हणून कमिशनचं रूप बदलत नाही. केलेल्या कामाचे पैसे द्या, म्हणजे फिटनेस बघणं, आयसीयूची फेरी, रात्रीचा ऑन-कॉल. ‘पाठवण्या’चे देऊ नका.

आता या सूत्राची सावली स्टाफवर कशी पडते ते बघा. शनिवारची संध्याकाळ, तिन्ही ओपीडी चालू. ड्रेसिंगला एकच सिस्टर. ऑर्थोच्या खोलीतून बेल, स्त्रीरोगच्या खोलीतून हाक. ती कुणाकडे आधी जाईल? जे सर दिवाळीला पाकीट जाड देतात त्यांच्याकडे. हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. मावशीसुद्धा कुणाची खोली आधी पुसायची हे ओळखून असतात. काही महिन्यांत ‘सरांची माणसं’ आणि ‘मॅडमची माणसं’ असे दोन तट पडतात, आणि फिजिशियनच्या वाट्याला येतो नवा, शिकाऊ पोरगा. मग डॉक्टर मला विचारतात, स्टाफमध्ये एकी का नाही!

ठरलेली रक्कम आणि वर कामाप्रमाणे

वेगवेगळ्या विषयांचे डॉक्टर असतील तर माझा कौल या मिश्र सूत्राला. फिजिशियनला 2.1 मिळतात, म्हणजे त्याच्या न दिसणाऱ्या कामाची दखल आहे. सर्जनला 2.9 मिळतात, म्हणजे जास्त काम केल्याचं चीज आहे. ठरलेला भाग किती आणि बदलता किती, हे दर वर्षी एकदाच, एप्रिलच्या आत ठरवा. मध्येच सूत्राला हात लावायचा नाही, मग एखाद्याचा महिना कितीही वाईट जावो.

त्रास एकच, हिशेब रोजच्या रोज लागतो. कुणाची जमा किती हे मार्चमध्ये आठवून लिहिता येत नाही. बिल करतानाच डॉक्टरनिहाय नोंद हवी.

फर्म की वेगवेगळं?

कराचा भाग थोडक्यात सांगतो, तपशील तुमच्या सीएकडून घ्या. आपापली प्रॅक्टिस वेगळी ठेवून फक्त खर्च वाटून घेतला, तर अंदाजित उत्पन्नाच्या योजनेची मर्यादा प्रत्येकाला स्वतंत्र मिळते: वर्षाला 50 लाख, आणि रोख जमा 5 टक्क्यांच्या आत असेल तर 75 लाख. जमेचा निम्मा भाग उत्पन्न दाखवायचा, वह्यांचा जाच कमी. वरच्या उदाहरणात फिजिशियन (36 लाख) सहज बसतो, मॅडम (60 लाख) रोखीवर लगाम ठेवला तर बसतात, ऑर्थो (84 लाख) बसत नाहीत. भागीदारी फर्म केली की सगळ्यांची मिळून एकच मर्यादा, आणि तिघांचे 1 कोटी 80 लाख तिच्या कितीतरी पुढे जातात. एलएलपीला (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीला) ही योजनाच नाही.

फर्मला नफ्यावर सरळ 30 टक्के कर आणि वर उपकर. पण भागीदारांचं मानधन ठरावीक मर्यादेपर्यंत खर्चात धरता येतं: पहिल्या 6 लाख नफ्याच्या 90 टक्के, पुढच्या रकमेच्या 60 टक्के. आपल्या उदाहरणात वर्षाचा नफा 90 लाख, म्हणजे 55 लाख 80 हजार मानधनाला जागा आहे. अट अशी की हे भागीदारीपत्रात लिहिलेलं हवं. म्हणजे वाटणीचं सूत्र एक आणि पत्रातला मजकूर दुसराच, असं चालत नाही. एप्रिल 2025 पासून हे मानधन वर्षाला 20 हजारांपुढे गेलं की त्यावर 10 टक्के टीडीएसही कापावा लागतो. ज्यांची उचल दर महिन्याला होते त्यांनी हे लक्षात ठेवावं.

एकत्र येण्याचा आणखी एक परिणाम कुणी मोजत नाही. तीन दवाखान्यांत चार-चार माणसं होती, तोवर कामगार कायद्यांची बरीच कलमं लागू नव्हती. बारा जण एका हजेरीपटावर आले की दहाची रेघ ओलांडली: ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा (मालकाचे 3.25 टक्के, कर्मचाऱ्याचे 0.75, पगार 21 हजारांपर्यंत), ग्रॅच्युइटी, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती. वीस झाले की पीएफ आणि कायद्याचा बोनस. हा खर्च पहिल्या दिवसापासून गृहीत धरा. काही जण माणसं कागदोपत्री दोन ठिकाणी दाखवून ही रेघ टाळतात. ती माणसं मनाने तुमची कधीच होत नाहीत, कारण त्यांना ते कळत असतं.

स्टाफला काय द्यावं?

पहिला पर्याय, नुसता ठरलेला पगार आणि वर्षाची वाढ. छोट्या ठिकाणी याने भागतं. अट एकच, पगार सात तारखेच्या आत आणि भागीदारांच्या उचलीआधी. सरांची नवी गाडी आली आणि त्याच महिन्यात पगार बारा तारखेला झाला, तर पुढचा कुठलाही बोनस ते भरून काढत नाही.

दुसरा, प्रत्येकाला कामावर इन्सेंटिव्ह: इतके पेशंट, इतक्या तपासण्या, इतकी रक्कम. माझा याला साफ विरोध आहे. लॅबच्या मुलाला तपासणीमागे पैसे दिले की तपासण्या वाढतात, आजार तेवढेच राहतात. गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही.

तिसरा, दिवाळीचं पाकीट. ते द्यायचंच, पण प्रत्येक डॉक्टरने ‘आपल्या’ माणसाला गुपचूप द्यायचं नाही. एकाच पाकिटात, रुग्णालयाच्या नावाने. एक महिन्याचा पगार हा आकडा लोकांना समजतो. कायद्याचा किमान बोनस 8.33 टक्के, तोही वर्षाच्या बाराव्या हिश्शाइतकाच आहे, पण तो कायद्याच्या पगारमर्यादेवर मोजतात.

चौथा, सगळ्यांना मिळून बोनस, एखाद्या कामाशी बांधलेला. काम नीट निवडलं तर माझ्या मते हा सगळ्यात उपयोगाचा. कॅशलेस विम्याच्या क्लेमचंच घ्या. गुडघ्याच्या ऑपरेशनची फाइल टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडे, गेली आणि क्वेरी आली: इम्प्लांटचं स्टिकर नाही, बिलाची प्रत नाही. दीड-दोन लाख अडकले. ओरडा बसतो क्लेमच्या मुलीला. स्टिकर ओटी नोट्सवर लावायचं होतं ओटीच्या ब्रदरने, आणि त्या नोट्सवर सही करायची होती सरांनी, ते पुढच्या केसला गेले. ‘डिस्चार्जनंतर ठरलेल्या दिवसांत पूर्ण फाइल’ यावर ओटी, वॉर्ड आणि क्लेम अशा तिन्ही टेबलांना मिळून बोनस ठेवा, आणि सही राहिली तर त्या डॉक्टरच्या बदलत्या वाट्यातून ठरलेली कपात. ही दुसरी बाजू नसेल तर पहिलीही ठेवू नका. फक्त स्टाफला मोजणारा बोनस लोकांना शिक्षा वाटतो.

इथे वाटणीचं सूत्र पुन्हा आडवं येतं. समान वाट्यात अशी कपात तिघांनाही लागते, म्हणून कुणालाच लागत नाही. संपूर्ण कामाप्रमाणे वाटणीत सर म्हणतात, माझा क्लेम, माझं मी बघतो, आणि आपली वेगळी क्लेमची मुलगी नेमतात. मिश्र सूत्रात ती कपात बसवायला जागा असते.

विलीनीकरणाचा पहिला महिना

तीन दवाखान्यांतून आलेल्या तीन सिस्टर, काम एकच, पगार 14, 17 आणि 19 हजार. हजेरीपट एक झाला की आठवड्यात सगळ्यांना सगळ्यांचे पगार कळतात. ‘जुनं तसंच चालू ठेवू’ हा स्वस्त वाटणारा पर्याय सगळ्यात महाग पडतो, कारण 14 वाली निघून जाते आणि बहुधा तीच सगळ्यात कामाची असते. तिघींना वरच्या पगारावर आणायला या उदाहरणात महिना सात हजार लागतात. अनुभवाचा फरक असेल तर तो वेगळा भत्ता म्हणून, लिहून, सगळ्यांना सांगून द्या.

चौथा, तरुण डॉक्टर घ्यायचा असेल तर त्याला लगेच भागीदार करू नका आणि वर्षानुवर्षं पगारीही ठेवू नका. दोन वर्षं पगार, त्याच वेळी भागीदारीची तारीख आणि भांडवलाची रक्कम लिहून द्यायची. आणि कुणी बाहेर पडलं तर मशिनची किंमत घसारा वजा करून धरायची की बाजारभावाने, नावाचा मोबदला द्यायचा की नाही, हे सगळ्यांचे संबंध गोड आहेत तोवरच भागीदारीपत्रात घालून घ्या.