जळवांसाठी पाण्यात काय सोडायचं, लटकती प्लेट की तळाशी कौल?

तळ्यातल्या जळवांवर प्रोजेक्ट घेतलाय आणि सॅम्पलर, म्हणजे जळवा येऊन बसाव्यात म्हणून पाण्यात ठेवायची वस्तू, ठरत नाहीये, असं असेल तर खरे पर्याय दोनच, पाण्यात लटकवायची प्लेट किंवा तळाशी ठेवायचं कौल. नुसत्या जळवाच हव्या असतील तर माझं मत कौलाला.

आधी बघा, जळवा अशा नव्या वस्तूवर येतात कशा. जळूला पाण्यात वाहत फिरणारी अळीची अवस्था नसते, अंड्यातून थेट छोटी जळूच निघते, त्यामुळे येणारी जळू बहुतेक वेळा स्वतः चालत येते, मागचा चोषक (चिकटायचा अवयव) घट्ट धरायचा, अंग ताणायचं, पुढचा टेकवायचा की मागचा ओढून घ्यायचा. बार्ब्रोनियासारख्या लांबट जळवा पोहतातही, पण ग्लॉसिफोनियाच्या गटातल्या चपट्या बऱ्याचशा पोहण्यात कच्च्या, त्यांना तळापासून सलग वाट लागते. आणि नव्या कोऱ्या प्लेटवर किंवा कौलावर खायला काहीच नसतं!! आधी बुळबुळीत थर धरतो, मग त्यावर लाल अळ्या, बारीक गांडुळं, छोटे शंख येतात आणि त्यांच्या मागे जळवा, म्हणून आठवड्याभरात उचलून "काही मिळालं नाही" म्हणू नका, महिना-दीड महिना तरी राहू द्या.

लटकती प्लेट म्हणजे हेस्टर-डेंडी, 1962 पासून वापरात आहे, हार्डबोर्डचे साधारण 3 इंची तुकडे, मध्ये वॉशर आणि सगळं एका बोल्टवर. दुसऱ्या अभ्यासांशी आकडे जुळवता येतात, गाळ कमी बसतो आणि तरंगत्या डब्याला बांधली तर दिवाळीनंतर धरणाचं पाणी उतरत गेलं तरी प्लेट पाण्यातच राहते, हे आपल्याकडे फार महत्त्वाचं. पण तळापासून तुटलेली असल्यामुळे चपट्या जळवा कमी मिळणार. सगळेच कीटक-किडे मोजायचे असतील तर मात्र हीच घ्या.

कौल स्वस्त, कुठेही मिळतं. एका कडेखाली खडा ठेवून बोटभर फट ठेवा, कारण जळवा दिवसा उजेड टाळतात आणि सगळी गंमत त्या खालच्या बाजूलाच असते. उलटं केलं की बार्ब्रोनियाचे चिकटवलेले अंड्यांचे छोटे कोष दिसतात, चपटी जळू मात्र अंडी-पिल्लं पोटाखालीच सांभाळते, तिला चिमट्याने ओढलंत की पिल्लं विखुरतात आणि मोजणी बिघडते, त्यामुळे आख्खं कौल पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवूनच बघा. गाळ जास्त असेल तर फट बुजते, अशा जागी कौल नको. आणि काठावरचं कौल उन्हाळ्यात उघडं पडतं, म्हणून थोडं खोलात ठेवा. कौलाऐवजी नायलॉनची जाळी ठेवणारेही असतात, मी नाही वापरणार, चोषक धरायला सलग पृष्ठभाग लागतो.

आता गुरांना चिकटणारी मोठी जळू, हिरुडिनारिया, तीच हवी असेल तर या दोन्हींवर विसंबू नका. ती कोष घालते काठाच्या ओल्या मातीत, पाण्याखाली नाही, आणि पाणी हललं की भक्ष्याकडे येते. तिच्यासाठी गुरं उतरतात त्या घाटावर गमबूट घालून पाणी ढवळा आणि हातजाळीने पकडा.

उचलताना दोन्हींच्या खाली आधी जाळी धरा, धक्का लागला की पोहणाऱ्या जळवा सुटून जातात.