२४ व्होल्ट इनपुटसाठीचे चार चॅनेलचे ऑप्टोकपलर मॉड्यूल: एक परीक्षण

२४ व्होल्टच्या सेन्सरचा सिग्नल ३.३ व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलरपर्यंत न्यायचा असेल, तर पीसी८१७ या ऑप्टोकपलरवर (आतल्या एलईडीच्या प्रकाशाने सिग्नल पुढे नेणारा, दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा घटक) आधारलेले तयार मॉड्यूल सर्रास वापरले जाते. बहुतेक मायक्रोकंट्रोलरच्या पिनला पुरवठ्याहून ०.३ ते ०.५ व्होल्टपेक्षा जास्त व्होल्टेज सोसत नाही, आणि पिन वाचवण्याचे हे मूळ काम मॉड्यूल चोख करते. इनपुटवर ३० व्होल्ट आले, तरी आतल्या एलईडीतून जेमतेम ९ मिलिअँपिअर करंट वाहतो, तर तिची कमाल मर्यादा ५० मिलिअँपिअर आहे. रेझिस्टर आणि शॉटकी डायोड लावून केलेल्या संरक्षणात जादा करंट ३.३ व्होल्टच्या रेलमध्ये (पुरवठ्याच्या वाहिनीत) शिरतो आणि बहुतेक रेग्युलेटर तो शोषून घेऊ शकत नसल्यामुळे, भार कमी असेल तेव्हा रेलचे व्होल्टेजच वर चढते. ती कटकट येथे नाही.

खरी उणीव आहे ती सिग्नल कोणत्या व्होल्टेजला 'चालू' मानायचा, याबाबत. आयईसी ६११३१-२ या औद्योगिक नियंत्रकांच्या मानकानुसार टाइप १ या वर्गाचे इनपुट ५ व्होल्टपर्यंत बंदच राहायला हवे आणि १५ व्होल्टपासून निश्चितपणे चालू व्हायला हवे. या बोर्डावर ३ किलोओहमचा रेझिस्टर, दर्शक एलईडी आणि ऑप्टोकपलर एकापाठोपाठ जोडलेले असल्याने ५ व्होल्टलाच सुमारे ०.६ मिलिअँपिअर करंट वाहतो, तर १० किलोओहमचा पुल-अप (आउटपुट ३.३ व्होल्टला धरून ठेवणारा रेझिस्टर) खाली खेचायला, म्हणजे 'चालू' दाखवायला, ०.३३ मिलिअँपिअर पुरतो. परिणामी लांब केबलवरचा गोंगाट किंवा दोन तारांच्या प्रॉक्सिमिटी सेन्सरचा गळती करंटही 'चालू' म्हणून वाचला जाण्याची शक्यता राहते. इनपुटच्या मालिकेत ६.८ व्होल्टचा झेनर (तेवढे व्होल्टेज ओलांडल्यावरच करंट जाऊ देणारा डायोड) घातल्यास हा दोष बऱ्याच अंशी दूर होतो. उत्पादकाने तो स्वतःच का बसवू नये, हे कळत नाही.

तोच रेझिस्टर २४ व्होल्टला सुमारे ०.१४ वॉट उष्णता सोडतो, आणि बोर्डावर बसवलेल्या ०८०५ आकाराच्या रेझिस्टरची नेहमीची क्षमता ०.१२५ वॉट असते. इनपुट सतत चालू राहणार असेल, तर ही निवड मला बेफिकीर वाटते. एलईडीला उलट दिशेने ६ व्होल्टच सोसतात, तरी उलट जोडणीपासून वाचवणारा डायोड नाही. एक १एन४१४८ डायोड दोन्ही एलईडींना समांतर, उलटा जोडून घ्यावा. सर्ज, म्हणजे व्होल्टेजची क्षणिक उसळी, दाबण्यासाठी टीव्हीएस डायोडही बाहेरूनच लावावा लागतो.

दोन्ही बाजूंचे ग्राउंड जोडणारा जंपर बोर्डावर बसवूनच येतो. तो काढला नाही, तर पीसी८१७ च्या ५००० व्होल्ट आयसोलेशनचा (दोन बाजू विजेने वेगळ्या ठेवण्याचा) आकडा डेटाशीटपुरताच उरतो.

लिमिट स्विच, रिले संपर्क आणि सावकाश बदलणारे सेन्सर यांसाठी मी हे मॉड्यूल वरील दुरुस्त्यांसह घेईन. वेगवान एन्कोडरसाठी (फिरण्याची गती पल्सने कळवणारा सेन्सर) मात्र नाही, कारण १० किलोओहमच्या पुल-अपवर ट्रान्झिस्टर बंद व्हायलाच कित्येक मायक्रोसेकंद जातात.