देवदूताशी घासाघीस, नौपाड्यात

भाच्याने ओढत नेलं. ठाण्याच्या नौपाड्यातला गेम कॅफे, पहिला मजला, चपला बाहेर. डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे एकेक पात्र घेऊन गोष्ट रंगवायचा टेबलावरचा खेळ. चार तासांचा डाव, माझ्या वाट्याला क्लेरिक, म्हणजे पुजारीण. 'प्लेनर अ‍ॅलाय' मंत्र म्हटला आणि परलोकातून एक पंखवाला आला, तोऱ्यात. २०१४ च्या नियमांत यांचं दरपत्रकच आहे: मिनिटांचं काम असेल तर मिनिटाला १०० सुवर्णनाणी, तासांचं असेल तर तासाला १,०००, दिवसांचं असेल तर दिवसाला १०,०००. जांभळी नाक्यावर कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाच मिनिटं हुज्जत घालणारी बाई मी, मला दर सांगता?

"जोखीम काहीच नाही, निम्म्यात करा."

डीएम, म्हणजे डाव चालवणारा पोरगा, हसला, पुस्तक चाळलं, म्हणाला, "काकू, बरोबर आहे. बिनधोक कामाला साधारण निम्मेच." देवदूताचा आवाज तो अगदी सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा काढतो, त्याला पैकीच्या पैकी.

कोल्ड कॉफी मात्र पाणचट. एसीचं पाणी नकाशावर टपकत होतं, आमचा अर्धा किल्ला भिजला. सांगितलं तर खाली वाटी ठेवली! बिलात निम्मं काही झालं नाही, तिथे माझी मात्रा चालली नाही. रविवारी परत जातेय, सैतान बोलवायचाय.