टी-शर्टचा साइज विचारला, उंची विचारली नाही: ऑफिसच्या सायकल सहलींचा काही महिन्यांचा अनुभव

गेल्या महिन्यात आमच्या डिपॉझिटमधून सीट घट्ट धरून ठेवणाऱ्या एका तुटलेल्या क्लॅम्पचे ८०० रुपये कापले गेले आणि ते परत मिळवण्यासाठी मला आयोजकांशी बरेच दिवस ईमेल आणि फोन करावे लागले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. पुण्यातील एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत मी अॅडमिनचे काम पाहते. उन्हाळ्यापासून आमच्या वेगवेगळ्या विभागांच्या सायकल सहली आम्ही एकाच आयोजकाकडे दिल्या आहेत. पॅकेजमध्ये गिअरची सायकल, हेल्मेट, पुढे एक मार्गदर्शक, मागे टेम्पोसह मेकॅनिक, नाश्ता आणि ग्रुप फोटो असतो, हे अशा सहली केलेल्यांना ठाऊक आहेच, त्यामुळे त्यावर शब्द खर्च करत नाही.

मार्ग आम्ही बहुतेक वेळा खडकवासल्याहून पानशेतकडे जाणारा घेतला. मुळशीचा पर्याय आयोजकांनी सुचवला होता, परंतु पिरंगुटच्या घाटात कारखान्यांकडे जाणारी जड वाहने असतात आणि ज्याने शाळेनंतर सायकलला हात लावलेला नाही अशा माणसाला तिथे नेणे मला पटले नाही. पानशेतचा रस्ता २०-२५ किलोमीटरचा आहे, चढ-उतार सौम्य आहेत आणि बऱ्याच ठिकाणी धरणाचे पाणी शेजारी दिसत राहते. एकच पथ्य पाळावे लागते: रविवारी सिंहगडाला जाणारी गर्दी सुरू होण्याआधी डोणजे फाटा ओलांडलेला असावा. पहाटे निघण्याचा आयोजकांचा आग्रह आमच्या काही जणांना जाचक वाटला, पण तो शंभर टक्के योग्य आहे.

माझी खरी तक्रार सीटच्या उंचीबद्दल आहे. बुकिंगच्या फॉर्ममध्ये प्रत्येकाच्या टी-शर्टचा साइज विचारला होता, जेवण शाकाहारी की मांसाहारी हे विचारले होते, रक्तगटही विचारला होता. उंची मात्र कुठेही विचारलेली नव्हती. परिणामी टेम्पोतून उतरलेल्या जवळजवळ सगळ्या सायकली मीडियम फ्रेमच्या निघाल्या. अकाउंट्समधल्या पाच फूट उंचीच्या आमच्या एका ताईंना फ्रेमचा दांडा दोन पायांमध्ये घेऊन धड उभेही राहता येत नव्हते, आणि टेस्टिंगमधल्या सहा फुटी मुलाचे गुडघे प्रत्येक पेडलला हँडलपर्यंत वर येत होते. शिवाय, नवख्या माणसाला पाय जमिनीला टेकले की सुरक्षित वाटते, म्हणून आयोजकांच्या मुलांनी सगळ्यांच्याच सीट सरसकट खाली करून ठेवल्या होत्या.

ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण सहल यशस्वी होणार की फसणार हे माझ्या मते इथेच ठरते. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा. मग पावलाचा पुढचा भाग पेडलवर आला की गुडघ्यात थोडासाच वाक राहतो. सीट यापेक्षा चार बोटे खाली असली तर प्रत्येक फेरीत गुडघा जास्त दुमडतो, मांडीची पूर्ण ताकद पेडलवर पडत नाही आणि वाटेतले खानापूर येईपर्यंत चांगला धडधाकट माणूसही थकून टेम्पोत बसतो. आमच्याकडे नेमके हेच झाले. पुढे जाणाऱ्यांचा एक गट आणि टेम्पोत बसलेल्यांचा दुसरा गट अशी फाळणी झाली, आणि सहकाऱ्यांना जवळ आणण्यासाठी काढलेल्या सहलीत मागे पडलेल्यांना दिवसभर संकोच वाटत राहिला. आयोजकांनी याला ‘फिटनेस कमी आहे’ असे कारण दिले, ते मला मान्य नाही. त्याच अकाउंट्सच्या ताई पुढच्या सहलीत लहान फ्रेमच्या सायकलवर एकदाही न उतरता पानशेतला पोहोचल्या.

आता त्या ८०० रुपयांविषयी. त्या उंच मुलाची सीट वर करून दिली, पण ती दर काही किलोमीटरला हळूहळू खाली घसरत होती आणि क्लॅम्प पुन्हा पुन्हा आवळताना त्याचा खटका तुटला. आयोजकांनी ‘चुकीची हाताळणी’ म्हणून पैसे कापले. वस्तुस्थिती अशी होती की सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, तो ज्यात बसतो त्या फ्रेमच्या नळीपेक्षा किंचित बारीक होता; या दोन्हींच्या जाडीत मिलिमीटरच्या काही दशांशांचा फरक असला तरी कितीही आवळा, पकड येत नाही. हे माझे मत नव्हते, त्यांच्याच मेकॅनिकने जागेवर तसे सांगितले होते.

या मेकॅनिकबद्दल आवर्जून लिहिले पाहिजे. त्याने टेम्पोतून थंड पेयाचा रिकामा कॅन काढला, कात्रीने त्याच्या पत्र्याची बोटभर रुंद पट्टी कापली, कडा दगडावर घासून बोथट केल्या, ती सीटपोस्टभोवती गुंडाळली आणि पोस्ट किमान किती आत असावा हे दाखवणारी त्यावरची रेघ नळीच्या आत आहे ना हे पाहून दुसऱ्या सायकलचा क्लॅम्प बसवला. सीट पानशेतपर्यंत तसूभरही हलली नाही. त्या पट्टीचा मी काढलेला फोटो पुढे वादात कामी आला आणि सगळी रक्कम परत मिळाली. तोवर हा आयोजक बदलायचा असे मी ठरवून टाकले होते, परंतु त्यानंतर त्यांनी फॉर्ममध्ये उंचीचा रकाना घातला आणि पुढच्या वेळी तीन मापांच्या सायकली प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी लावून आणल्या. चूक दाखवल्यावर ती सुधारणारा व्यावसायिक सहसा मिळत नाही, त्यामुळे माझे मत बदलले.

पोहोचल्यानंतरच्या दोरी-चेंडूच्या खेळांचे दरडोई वेगळे पैसे लागतात, ते वाचवावेत. एका सहलीत ते रद्द केले, तेव्हा नारायण पेठेत वाढलेल्या आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि पाठोपाठ खडकवासल्याचे धरणही गेले, त्या दिवसाच्या त्यांच्या घरातल्या आठवणी सांगितल्या. परराज्यांतून आलेली आमची मुले अर्धा तास प्रश्न विचारत बसली होती, आणि आपण रोज ज्या नदीवरून ऑफिसला येतो तिचे पाणी इथून येते हे त्यांना त्या दिवशी कळले.

स्वच्छतागृहांची व्यवस्था मात्र अजूनही असमाधानकारक आहे. नाश्त्याच्या हॉटेलखेरीज रस्त्यात सोय नाही आणि त्यामुळे आमच्या काही सहकारी सकाळपासून पाणीच पीत नाहीत, जे सायकल चालवताना धोक्याचे आहे. वाटेतल्या एखाद्या रिसॉर्टशी आधी बोलून ठेवणे आयोजकांना अवघड नाही, आणि त्यासाठी माणशी थोडे जास्त द्यायलाही आम्ही तयार आहोत.

हिवाळ्यातील पुढचे बुकिंग याच आयोजकाकडे केले आहे. या वेळी वर्क ऑर्डरमध्ये दोन अटी लिहून घेतल्या आहेत: निघण्याआधी प्रत्येकाला सायकलवर बसवून सीटची उंची तपासली जाईल, आणि आमच्या प्रतिनिधीच्या सहीशिवाय डिपॉझिटमधून रक्कम कापली जाणार नाही. तिसरी अट स्वच्छतागृहाची. तिच्यावर त्यांचे उत्तर आल्यावरच अॅडव्हान्स पाठवणार आहे.